पांढऱ्या रेघेखालचा हात

"टोपण काढलंय का?"

सबनीस सरांनी डोळ्याला कॅमेरा लावून असं विचारलं, की समोरच्या सगळ्यांनी एका सुरात "काढलंय!" म्हणायचं, अशी आमच्या पौडात रीतच पडून गेली होती. लग्न असो, शाळेचं संमेलन असो, नाहीतर नव्या विहिरीची पूजा. बोहल्यावरची नवरी लाजून मान खाली घालायची, पण "काढलंय" मात्र म्हणायची. न म्हणून चालायचं नाही. उत्तर आलं नाही तर सर कॅमेरा खाली घेत, टोपण खरंच निघालंय ना म्हणून भिंगाला बोट लावून बघत, मग बोट लागलं म्हणून भिंग पुसत, आणि तोवर पुढच्या रांगेतली पोरं उठून पळालेली असत.

ह्याला कारण होतं. त्यांचा कॅमेरा जर्मन. धरणावरचा एक पारशी इंजिनीयर इथला मुक्काम हलवताना त्यांना देऊन गेला होता. स्टुडिओतला फोटोवाला काळ्या कापडाखाली डोकं घालून जे बघतो ते भिंगातूनच बघतो. ह्या कॅमेऱ्यात तसं नव्हतं. बघायची खिडकी वरच्या कोपऱ्यात वेगळी आणि फोटो घेणारं भिंग खाली वेगळं. भिंगावर टोपण राहिलं तरी खिडकीतून जग लख्ख दिसायचं. एका वर्षी शाळेचं अख्खं संमेलन सरांनी असं लख्ख बघितलं, आणि पुण्याहून रोल धुऊन आला तो कोराच्या कोरा. तेव्हापासून त्यांचा स्वतःवरचा विश्वास उडाला, आणि त्यांनी गावालाच साक्षीला धरलं.

मुळात तो विश्वास फार होता असंही नाही. मी साठ सालाच्या आसपास पौडच्या हायस्कुलात गणित शिकवायला आलो, तेव्हा सर चाळिशी ओलांडलेले होते. चित्रकला शिकवायचे. उंच, जरा पोक काढून चालणारे, आणि बारा महिने काखेत छत्री. माझी खोली त्यांच्या घराला लागून. जेवण त्यांच्याकडेच, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, अक्कांच्या हातचं. घरात ही दोघंच. सरांनी लग्न केलं नव्हतं.

"पण समजा" हे त्यांचे आवडते शब्द. पौडची एसटी आयुष्यात कधी वेळेवर आली नाही, पण हे अर्धा तास आधी जाऊन उभे. का, तर "पण समजा, आज लवकर आली तर?" शाळेला निघताना दाराचं कुलूप ते स्वतः ओढून बघत, मग मला ओढायला लावत. "तुम्ही बघा पाटणकर. माझ्या हाताला आता सवय झालीये, त्याला खरं कळत नाही." मी ओढायचो. कुलूप जिथल्या तिथं असायचं. चौकापर्यंत गेलो की सर थांबत आणि माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हणायचो, "लागलंय हो!" मग पुढे चालत.

मुळशीच्या पावसात चामड्याच्या चपलेला सुद्धा बुरशी येते, तिथं भिंगाचं काय घेऊन बसलात! भिंगाला बुरशी धरली की कॅमेरा गेला, हे त्या पारशानं सांगून ठेवलेलं. म्हणून आषाढ लागला की सर पितळी डब्यात भाजलेले तांदूळ भरत, त्यात फडक्यात गुंडाळलेला कॅमेरा ठेवत, आणि ओल शोषून तांदूळ मऊ पडले की अक्कांना पुन्हा भाजायला लावत. अक्का कढई चढवायच्या आणि म्हणायच्या, "आमच्या घरी एकच बाळ आहे हो, जर्मन. त्याला भात भरवायचा असतो." सर हसायचे नाहीत. तांदूळ जास्त गरम तर नाहीत ना, म्हणून हात घालून बघायचे.

मला त्यांनी एकदा त्या खिडकीतून बघू दिलं. मधोमध एक पिवळसर ठिपका होता आणि त्या ठिपक्यात समोरच्या पिंपळाचं खोड दोनदा दिसत होतं, एकावर एक सरकलेलं.

"भिंगाची कडी फिरवा," सर म्हणाले. "दोन्ही खोडं एक झाली की अंतर बरोबर जमलं."

मी फिरवली. दोन खोडं सरकत सरकत एक झाली. मग माझं लक्ष पांढऱ्या रेघांकडे गेलं. खिडकीत चारी बाजूंनी पांढऱ्या उजळ रेघांची एक चौकट दिसत होती, आणि तिच्या बाहेरही जग होतं. डावीकडून एक शेळी येत होती, अजून रेघेबाहेर.

"रेघेच्या आत असेल ते फोटोत येणार," सर म्हणाले. "पण बाहेरचंही दिसतं, ही ह्याची खुबी. आत काय आहे ते कोणालाही कळतं हो. बाहेरून काय येतंय, ते आधी दिसायला हवं."

मला वाटतं, त्या माणसाला त्या कॅमेऱ्याचं एवढं वेड होतं ते ह्याचसाठी. त्यांना नेहमी रेघेबाहेरची शेळी दिसायची. शेळी आत येईपर्यंत आपण निवांत असतो. सर नसत.

पण ती खुबी होती तशी त्या कॅमेऱ्याची एक खोडही होती, आणि ती सरांना कळली सरपंचांच्या फोटोत. नव्या रस्त्यासाठी गावानं श्रमदान केलं, रस्ता झाला, सरपंचांना गुलाबी फेटा बांधून हार घातला. सर उत्साहानं पार जवळ गेले. टोपण काढलंय का, काढलंय, खटक. रोल धुऊन आला तर फोटोत हार आहे, कोट आहे, झुपकेदार मिशा आहेत, आणि मिशांच्या वर काही नाही. डोळे, कपाळ, फेटा, सगळं गायब.

ह्यात गूढ काही नव्हतं. खिडकी वर, भिंग खाली. माणूस लांब असला तर दोघांना सारखंच दिसतं. माणूस जवळ आला की खिडकीला डोकं दिसतं आणि भिंगाला त्याच्या खालचं. म्हणजे रेघांची चौकट जिथं दिसते, त्याहून खरा फोटो जरा खाली सरकलेला असतो. वरच्या रेघेखाली दोन बारीक खुणा असतात, जवळचा फोटो घेताना डोकं त्या खुणांच्या खाली ठेवायचं. सर ते विसरले होते.

दुर्दैव असं, की त्याच आठवड्यात सरपंचांना हिवताप भरला. गावात कुजबुज सुरू झाली, मास्तरनं मुंडकं उडवलं. सरांची झोप गेली. शाळा सुटली की ते सरपंचांच्या ओटीवर जाऊन उभे. "ताप कसा आहे? घाम आला का? जेवले का?" शेवटी सरपंचच घोंगडीतून उठून बसले.

"मास्तर," ते म्हणाले, "तापाचं मला काय बी वाटत न्हाई. पर तुमी रोज असं तोंड करून येता, त्येनं मला मरनाची भीती वाटाया लागलीया. उद्यापास्नं येऊ नगा."

ताप उतरला. सरपंच पुढे खूप जगले. पण सरांनी त्या दिवसापासून डोक्याचा ध्यास घेतला. डोकं खुणांच्या खाली आहे का, फेटा खाली आहे का, बाशिंग खाली आहे का. त्यांच्या फोटोत पुन्हा कधी कुणाचं डोकं कापलं गेलं नाही. वरच्या बाजूला ते डोळ्यात तेल घालून बघत. खालच्या बाजूचा त्यांनी कधी विचारच केला नाही, हे पुढे हौसाच्या वेळी लक्षात आलं.

हौसा कोळवणची. मावशीकडे राहून दोन वर्षं आमच्या शाळेत होती, सरांची आवडती विद्यार्थिनी. लहान असताना, घरची माणसं भाताच्या रोपासाठी वाफ्यावर पालापाचोळा पेटवून राब भाजत होती तेव्हा ती धुमसत्या राखेत पडली. उजवा हात भाजला. बोटं एकमेकांना चिकटून आखडून गेली. त्या हातानं ती कागद दाबून धरायची आणि डाव्या हातानं चित्र काढायची. भाताच्या लावणीला मात्र दोन्ही हात चालायचे, आणि बाकीच्या बायकांच्या पुढे असायची. बोलायला फटकळ. वडील लवकर गेले, त्यामुळे घरातला शब्द मामाचा. हा रामभाऊ खडकीला कारखान्यात कामाला होता.

एका रविवारी मामा हौसाला घेऊन सरांकडे आला. मुंबईचं स्थळ होतं. मुलगा गिरणीत. आधी फोटो मागितला होता.

"मास्तर, कमरंपातुर काढा," मामा म्हणाला. "फकस्त हात दिसाया नगं. मांडीवर ठिवंल ती, तुमी वरचं वर घ्या."

"पण समजा," सर म्हणाले, "ती मंडळी बघायला आली तर?"

"पदराखाली झाकंल की. फोड आलाय म्हनू, फडकं बांधू. येकदा अक्षता पडल्या की कोन काय करतंय?"

सरांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघितलं. अक्का तिथं उभ्या होत्या. त्या आत निघून गेल्या.

मला हे मागाहून कळलं, पण इथंच सांगतो. अक्कांना एका कानानं अजिबात ऐकू येत नसे. त्यांचं लग्न झालं ते ही गोष्ट लपवून. बघायला आलेल्या मंडळींसमोर त्यांना चांगला कान पुढे करून बसवलं होतं. लग्न लागलं, आणि मांडवपरतणीला नवरा-बायको जोडीनं माहेरी येतात तसे दोघं आले. नवरा जेवला, पान खाल्लं, "कामं आहेत, मागाहून न्यायला येतो" म्हणाला आणि गेला. तो आलाच नाही. अक्का रोज वेणी घालून, पेटी भरून बसायच्या. सर तेव्हा शाळकरी. एसटी नव्हती, सर्व्हिस मोटार होती. ती यायच्या वेळेला त्यांना रस्त्यावर बघायला पाठवायचे. "आले का रे?" एवढंच अक्का विचारायच्या, आणि हे नाही म्हणून मान हलवायचे.

त्या पोराचं पुढे काय होणार? जन्मभर काळजी करणारा माणूसच होणार की.

तरी सरांनी फोटो काढायचं कबूल केलं. नाही म्हणायची त्यांना धमकच नव्हती. अंगणात खुर्ची मांडली, मागे अक्कांचं निळं लुगडं टांगलं. हौसा चेहरा आवळून बसली. सरांनी कडी फिरवून अंतर जमवलं. मग कॅमेरा वर केला, खाली केला, पुन्हा वर. मी बाजूलाच होतो, त्यांचं पुटपुटणं ऐकू येत होतं. "डोकं खाली आहे. खुणांच्या खाली आहे. हात रेघेबाहेर. बाहेर आहे." कपाळावरून घाम निथळत होता.

"टोपण काढलंय का?"

मामा आणि मी म्हणालो, "काढलंय." हौसा गप्प.

"हौसा, तू पण म्हण."

"तुमाला दिसतंय न्हवं? मंग मला कशापायी इचारता?" ती म्हणाली. खटक.

मामाला घाई. रोल तोच पुण्याला घेऊन गेला. तिथल्या दुकानानं प्रती काढून दोन पाकिटं चिकटवून ठेवली होती. एक पाकीट मामानं तसंच, न फोडता, मुंबईची गाडी पकडायला निघालेल्या मध्यस्थाच्या हातात दिलं. दुसरं एसटीच्या ड्रायव्हरबरोबर सरांना पाठवलं.

ते पाकीट सरांनी माझ्यासमोर फोडलं. फोटो सुरेख आला होता. डोकं पूर्ण, वर मोकळी जागा, डोळ्यांत ती रागीट चमक. आणि खाली, फोटोच्या तळाशी, मांडीवर ठेवलेला हात. चिकटलेली बोटं, आखडलेला अंगठा, सगळं स्वच्छ.

सर खाटेवर बसले. त्यांचा चेहरा बघून मीच घाबरलो.

"खाली सरकलं," ते म्हणाले. "वरून जेवढं जातं तेवढंच खालून आत येतं. पाटणकर, एवढं साधं माझ्या लक्षात आलं नाही. मी काय कापलं जाईल तेवढंच बघत राहिलो."

"पाकीट मुंबईला गेलं?" मी विचारलं.

"गेलं." मग एकदम उठले. "पण समजा, त्यांनी अजून उघडलं नसलं तर? तार करू या? तारेत काय लिहायचं? फोटो बघू नका?"

मला हसू आलं होतं, पण ते हसण्याचं तोंड नव्हतं. अक्का आल्या, हात पदराला पुसले, फोटो उजेडात नेऊन बराच वेळ बघितला.

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

"काय बरं झालं, अक्का? तिचं लग्न मोडेल!"

"मोडू दे. आत्ता मोडेल ना? मांडवपरतणीनंतर तर नाही?" आणि फोटो त्यांच्या हातात देऊन भाकऱ्या थापायला गेल्या.

दुसऱ्या दिवशी सर मला घेऊन कोळवणला गेले. वाटभर एकच चाललेलं, तिला काय सांगू, कसं सांगू. हौसा खळ्यावर होती. सरांनी फोटो पुढे केला आणि मान खाली घातली. "माझी चूक झाली, पोरी."

तिनं फोटो बघितला. "ह्यो तर माझाच हात हाय," ती म्हणाली.

"हो, पण तो..."

"मला कुनी इचारलं हुतं का, झाकू का म्हनून? मामानं इचारलं न्हाई. तुमी बी न्हाई इचारलं." मग तिचा आवाज उतरला. "सर, तितं जाऊन मी ह्यो हात कुटं ठिवनार हुते? रोज पानी भराया लागंल, भाकरी टाकाया लागंल. मला रातच्याला झोप येत नव्हती."

परतताना वाटेत सर एकदाच म्हणाले, "मला वाटायचं, झोप फक्त माझीच गेलीये."

मुंबईचं उत्तर आलं. नाही. आणि पुढच्या रविवारी मामा आला तो दारातूनच तडकलेला.

"मास्तर, माझ्या भाचीच्या जिंदगानीचं वाटूळं केलंत! आता दुसरं ठिकान हाय. ह्यो फोटू घ्या आन् कातरीनं खालची पट्टी काढा. हितनं हितपातुर. येवढं तरी करा."

त्यानं कात्रीही आणली होती. सरांनी ती उचलली. मला वाटलं, आता कापतात. पण त्यांनी कात्री मामाकडे परत सरकवली.

"मी नाही कापणार," ते म्हणाले. "प्रती हव्या तेवढ्या काढून देतो. पण अशाच."

"का? तुमच्या बापाचं काय जातंय?"

तेवढ्यात अक्का पुढे आल्या. पुरुषमाणसांच्या बोलण्यात त्या कधी येत नसत. त्या दिवशी आल्या आणि मामाच्या समोर उभ्या राहिल्या.

"माझ्याकडे बघा," त्या म्हणाल्या. "माझा हा कान बहिरा आहे. माझ्या वडिलांनी झाकला. आठ दिवस संसार केला मी. उरलेलं आयुष्य ह्या चुलीपुढे काढलं, आणि ह्या माझ्या भावानं माझ्यापायी लग्न केलं नाही. तुमची भाची अशी बसलेली चालेल का तुम्हाला? चालत असेल तर कापा. पण माझ्या घरात नाही."

मामा खाली बसला. त्याला पाणी दिलं, ते प्यायला. "मी काय वैरी हाय का तिचा?" म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. माणूस वाईट नव्हता हो. बापाविना पोर उजवायची म्हणून तोही कातावला होता. जाताना न कापलेल्या प्रती घेऊन गेला.

त्यानंतरचे महिने सरांचे कसे गेले ते मी जवळून बघितलं. फोटो एका गावी जायचा, परत यायचा. दुसऱ्या गावी जायचा, परत यायचा. कोळवणकडून कोणी आलं की सर आडून आडून विचारायचे. वर्गात फळ्यावर फुलपात्र काढता काढता थांबायचे. "पाटणकर, अक्काचं खरं, का मामाचं खरं? पण समजा, हिचं कधीच जमलं नाही तर? झाकलं असतं तर निदान लग्न तरी झालं असतं. मी शहाणपणा केला, भोगणार ती." मी गणिताचा मास्तर, पण हे गणित मला सुटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही भीती वाटायला लागली होती.

भातकापणी उरकली आणि मुळशीतल्याच माण गावाहून एक म्हातारा कोळवणला आला. बरोबर त्याचा मुलगा, बबन. फोटो म्हाताऱ्याच्या हातातच होता. मामानं मागाहून आम्हाला सगळं सांगितलं. म्हाताऱ्यानं फोटोतल्या हातावर बोट ठेवून सरळ विचारलं, "ह्यो कशानं?" हौसानं सांगितलं, राबात भाजला. "लावनी करतीस?" तिनं पेंढ्याचा कवेत मावेल एवढा कवळा उचलला, त्याच हाताखाली दाबला आणि डाव्या हातानं पेंढ्याच्याच काड्यांचा वेठ पिळून पेंढी बांधून पुढ्यात टाकली. म्हाताऱ्यानं पेंढी उचलून ओढून बघितली. सुटली नाही. निघताना बबन एवढंच म्हणाला, "फोटूत लई रागात दिसतीया." हौसा म्हणाली, "हुतेच रागात." आणि तो हसला.

लग्न ठरलं. सरांना आनंद झाला म्हणाल तर झाला, पण दुसऱ्याच दिवशी, "पण समजा, म्हाताऱ्याला पसंत आहे, मुलाला मनातून नसेल तर?" लग्नात त्यांनी फोटो काढले. टोपण काढलंय का, काढलंय, सगळं रीतसर झालं. कन्यादानाच्या वेळी हौसाचा उजवा हात सगळ्या मांडवादेखत बबनच्या हातात ठेवला गेला. मी बबनच्या चेहऱ्याकडे बघत होतो. त्यानं हात नीट धरला. सरांना हे सांगितलं तर म्हणाले, "मांडवात सगळेच धरतात हो."

त्यांची सगळी भीती मांडवपरतणीवर येऊन बसली होती. जोडपं माणहून कोळवणला आल्याचं कळलं. आता परत जातील तेव्हा कोळवणच्या गाडीनं पौडला उतरून पुढची गाडी धरतील. उतरतील ते दोघं की एक, एवढाच प्रश्न. त्या दिवशी सरांनी शाळेत अर्धी रजा टाकली. मीही मधल्या सुट्टीत स्टँडवर गेलो. ते छत्री काखेत धरून उभे होते.

गाडी आली. धुरळा बसेपर्यंत काही दिसेना. मग दारातून बबन उतरला. एकटा. हातात काही नाही. मागं न बघता सरळ चौकशीच्या खिडकीकडे चालायला लागला. त्याच्यामागून दोन म्हाताऱ्या उतरल्या, एक माणूस उतरला, आणि दार रिकामं झालं.

सरांनी माझं मनगट धरलं. ती पकड मला अजून आठवते. "गेली, पाटणकर," ते म्हणाले. "ठेवून आला तो."

मलाही तेच वाटलं. तेवढ्यात गाडीच्या मागच्या बाजूनं खणखणीत आवाज आला, "आवं, खिडकीशी काय करताय? हितं या! तांदळाचं गठुडं कोन उतरवनार?" बबन धावत परत फिरला. हौसा मागच्या खिडकीतून अर्धी बाहेर आली होती आणि दोन्ही हातांनी एक भलंमोठं गाठोडं बाहेर ढकलत होती. त्यानं ते खालून झेललं, मग दाराशी जाऊन उभा राहिला, आणि तिनं उतरताना हात पुढे केला तो उजवा. त्यानं धरला. लोकांचं लक्ष आहे की नाही, हे त्यानं बघितलं नाही.

सर पुढे गेलेच नाहीत. त्यांना भेटले नाहीत, बोलले नाहीत. तसेच वळून घराकडे निघाले, एवढे भरभर की मला मागे पळावं लागलं. त्याच उन्हाळ्यात माझी बदली झाली आणि पौड सुटलं. पुढे सरांची माझी भेट झाली नाही. सर म्हटलं की मला ती दुपारच आठवते.

आम्ही घराशी पोचलो तेव्हा अक्का दारात उभ्या होत्या. त्यांनी लांबूनच विचारलं, "किती उतरले?"

"दोघं," सर म्हणाले. "दोघं मिळून उतरले, अक्का."

अक्का उंबऱ्यावर बसल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, ते मोठ्यानं बाहेर आलं. सर त्यांच्या शेजारी, भर रस्त्याकडे तोंड करून बसले. छत्री बाजूला पडली. त्यांनी अक्कांच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तसाच राहिला. आत स्टोव्हवर दूध उतू जात होतं. फरफर आवाज येत होता, करपल्याचा वास रस्त्यापर्यंत आला होता. एरवी पहिल्या बुडबुड्याला धावणारा हा माणूस, जागचा हलला नाही. मीच त्यांना ओलांडून आत गेलो आणि स्टोव्हची हवा सोडली.